वाटी आणि बाटी

माझी वृंदावहिनी दादाच्या बँकेच्या बदलीमुळे कोलकात्याला गेली आणि तिथलीच झाली. तिथल्या बेहाला भागात हायाकावा नावाच्या जपानी माणसाने चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला होता. एक भट्टी, सहा माणसं. ऑर्डरी घ्यायला वहिनी. हिशेबात पक्की, बंगाली मात्र कामचलाऊ, आणि तेही येतं असा तिला दांडगा आत्मविश्वास. आमच्या घराण्याचं पाणीच तसं, लग्न करून आलेल्यांनाही लागतं.

पहिली मोठी ऑर्डर सॉल्ट लेकच्या एका हॉटेलवाल्याची. फोनवर म्हणाला, चारशे बाटी. बंगाली माणूस 'व'चा 'ब' करतो हे वहिनीला ठाऊक होतं. तिने इंग्रजी अक्षरांत 'वाटी' लिहिलं. हायाकावासाहेबांनी ते वाचलं 'बाटी', कारण तो 'व्ही' जपानी जिभेवर तसाच वळतो. सगळ्यांचं एकमत झालं, माप वहिनीने घरच्या वाटीचं दिलं, आणि आमटीच्या मापाच्या चारशे देखण्या वाट्या भाजून निघाल्या.

हॉटेलवाल्याला थुकपा, म्हणजे शेवयांचं तिबेटी सूप, वाढायला मोठे वाडगे हवे होते. बंगालीत तेही बाटीच. त्याने कपाळाला हात लावला आणि दहा दिवसांची मुदत दिली. वाडगे पुन्हा घडवायचे, तर वाट्यांची माती आणि भट्टी पाण्यात. एवढ्याशा कारखान्याला तो घाव पेलणारा नव्हता, हे वहिनीला पुरतं कळत होतं.

साहेबांचा एक नियम होता: चुकलेला माल बाहेर जायचा नाही, तो ते स्वतः हातोड्याने फोडायचे. त्यांनी हातोडा उचलला तशी वहिनी टेबलासमोर आडवी आली. हिंदीत म्हणाली, "फोडू नका. वाटीत खोट नाही, माझ्या कानात आहे. चार दिवस द्या."

साहेबांनी हातोडा खाली ठेवला.

वहिनीने एका वाटीत घरी दही लावलं आणि ती थेट बागबाजारच्या एका मिठाईवाल्यापुढे ठेवली. त्याने आधी दही चाखलं, नाक मुरडलं, म्हणाला, साखर कुठाय? मग वाटी फिरवून फिरवून पाहिली. मिष्टी दोई, म्हणजे तिथलं गोड दही, लावायला तिसऱ्या दिवशी त्याने चारशेच्या चारशे नेल्या. वाडगेही वेळेत गेले. मिठाईवाला पुढच्या महिन्यात म्हणाला, आणखी सहाशे बाटी. वहिनीने विचारलं, "त्यात काय खाणार?"

आज कारखान्यात सत्तर माणसं आहेत, आणि ऑर्डरीच्या प्रत्येक कागदावर पहिली ओळ हीच: यात काय खाणार? बढतीबरोबर बदली येते म्हणून दादाने तिच्यासाठी दोन बढत्या सोडल्या. कुरकुरतो, पण लोकांना कारखाना दाखवायला तोच पुढे.

गेल्या महिन्यात हायाकावासाहेब कारखाना वहिनीच्या हाती सोपवून कायमचे जपानला निघाले. जाताना हातोडा तिच्या टेबलावर ठेवला. स्वतःसाठी दह्याची एक वाटी उचलली, खालचा ओठ दातांखाली धरला आणि सावकाश म्हणाले, "वाटी."

बारा वर्षांत पहिल्यांदा बरोबर म्हणाले. कुणापुढे न रडणारी माझी वहिनी सत्तर माणसांदेखत रडली.