परसरामभाऊचे पाय

परसरामभाऊ एका जागी दोन मिनिटं स्वस्थ बसले तर शपथ! चहा पिताना पाय खालीवर, तुमसरच्या राईस मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला उभे असले तरी पाय चालूच. त्यांची बायको बायजाबाई म्हणते, हा माणूस झोपेतही खाटेला धक्के देतो. पण याच पायांवर आमच्या सिहोऱ्याच्या मंडळानं चाळीस वर्षं नाटकं केली.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. त्या दिवशी नाटक होतं, आणि नाटक म्हटलं की ऑर्गन आलाच. आमच्या जुन्या ऑर्गनला पायानं भाता मारावा लागायचा. डावा-उजवा, डावा-उजवा, पाय थांबले की सूर मेला. भाऊ पायानंच सूर फुगवायचे आणि पायानंच हळू उतरवायचे. मी इश्वर, तीस वर्षं त्यांच्या बाजूला तबला घेऊन बसतो. त्यांच्या बोटांकडे मी कधी पाहिलंच नाही. गुडघा पाहायचा आणि ठेका धरायचा.

यंदा भाता फाटला. दुरुस्ती जाणणारा एकच म्हातारा होता, तो गेल्या साली वारला. मग मंडळाच्या धनंजय मास्तरांनी डिजिटल ऑर्गन आणला. विजेवर चालतो, हवा भरायची भानगड नाही. खाली फक्त एक पेडल. दाबलं की आवाज मोठा, सोडलं की बारीक. झालं! तालमीत भाऊंना पेडल दिसलं आणि पाय सुरू झाले. कोणी रेडिओचा कान पिळत बसावा तसा आवाज वर-खाली, वर-खाली. नागपूरहून आणलेली नायिका रिता दोन ओळी गाऊन थांबली. बिचारीनं तोंडातून वाकडा शब्द काढला नाही, पण सूर सापडेना हे दिसतच होतं.

मास्तरांनी पेडल काढून टाकलं. तर भाऊंचे पाय नुसत्या फरशीवर थपथप, तेही तालाबाहेर. माझा ठेका पार गुंतला. माझं डोकं फिरलं. मी सर्वांसमोर बोललो, "भाऊ, पाय आवरा ना आता, काहून बदनाम करून राहिले मले?" चुकलंच माझं. पण बोललो.

मंडई दोन दिवसांवर आली होती. मास्तरांनी सरळ सांगितलं, उद्या दुपारच्या तालमीत जमलं तर परसरामकाका, नाहीतर तुमसरचा अंकुश. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, हात साफ आहे. पोरगा स्वभावानं चांगला. त्यानं भाऊंना मोबाईलवर परदेशातल्या चर्चचा ऑर्गन दाखवला. भिंतभर पाईप, आणि वाजवणारा दोन्ही पायांनी खालच्या पट्ट्यांवर नाचतोय. भाऊंनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. त्याले कोणी म्हणत नाही का पाय हलवू नको, असं विचारत राहिले.

घरी येताना भाऊ मला म्हणाले की मिलमध्ये त्यांना सगळे 'ए काटा' अशीच हाक मारतात. मंडईच्या दिवशी तेवढं गाव नावानं ओळखतं. ती जागा गेली तर मग काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात सगळे जमले. अंकुश भिंतीला टेकून उभा. भाऊ खुर्चीवर बसले, गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या हातात दिला.

"इश्वर, माझे पाय बांध."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी खाली बसलो आणि दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना करकचून बांधले. जागा वाचते आहे ना, मग काय हरकत, असं मला वाटलं. खरं सांगतो, बरंही वाटलं.

आणि भाऊंनी काय वाजवलं! सूर एकसारखा, कुठं खाचखळगा नाही. रिता मोकळी होऊन गायली, माझा ठेका एकदाही सुटला नाही. गाणं संपलं तशी मास्तरांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, जागा काकांचीच.

मी गाठ सोडायला वाकलो, तर ती सुटेना. गाणंभर भाऊंनी ओढून ओढून तिचा दगड केला होता. घोट्यांवर लाल वळ उठले होते, एका जागी कातडं सोललं होतं. शेवटी अंकुशनं ब्लेड आणून दुपट्टा कापला.

भाऊंनी घोटे चोळले. रिताकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, हा बाजा पाय बांधूनच वाजते," ते शांतपणे म्हणाले. "अंकुशचे तं बांधावेही लागत नाही. त्यालेच बसवा."