जहाजावरची सर्वांत थोरली बाई

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. नवरा डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी नुकताच विलायतेला गेला होता, आणि मला पाचवा महिना लागल्यावर मी त्याच्याकडे जायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत, पण माझी आई केव्हाच गेली होती. सिंदेवाहीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मग एका वाक्यात निकाल लावला. म्हणाल्या, "पहिलटकरीन एकटी कशी जाईन? मी येतो संग."

त्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो. लग्नानंतरची दोन वर्षं मी त्यांच्याच घरात काढली होती. केस पांढरे फटक, पुढचे दात तंबाखूने खाल्लेले, आणि वर्षानुवर्षं चिखलात वाकून धानाची रोवणी केल्यामुळे कंबर कायमची थोडी पुढे झुकलेली. मनातल्या मनात मी त्यांना म्हातारीच म्हणत असे. मी चांदा शहरात, परकोटाच्या आत वाढलेली, नागपूरला जाऊन बी. ए. झालेली. माझा तोरा काही विचारू नका. नागभीडला छोट्या रेल्वेगाडीत बसलो तेव्हाच मला घोर लागला होता, की विलायतेच्या जहाजावर या बाई माझी कशी शोभा करणार आहेत कोण जाणे.

जहाजाबद्दल माझ्या भलत्याच कल्पना होत्या. वाटलं होतं, सगळी तरुण मंडळी असतील, वादविवाद झडतील, ओळखी होतील. प्रत्यक्षात ते सगळं जहाज पेन्शनरांचं निघालं. चहामळ्यांचे निवृत्त साहेब, मिशनऱ्यांच्या विधवा, रेल्वेत उभा जन्म काढून आता इकडचा गाशा गुंडाळून निघालेली जोडपी. सकाळी डेकवर खुर्च्यांची रांग लागायची, प्रत्येकाच्या गुडघ्यांवर ब्लँकेट. अकरा वाजता सूप यायचं. दुपारी पत्ते आणि विणकाम, जेवणानंतर ग्रामोफोन. त्याच्या तालावर सत्तरीच्या पुढची जोडपी अगदी ताठ मानेने नाचायची. मोठ्याने कोणी बोलत नसे. एखादा खोकला तेवढा ऐकू यायचा.

आणि त्या शांततेत दुसऱ्याच दिवशी आमच्या बाईंचा आवाज घुमला.

"तिले इचार, तिची उमर किती हाये?"

ज्या बाईकडे त्यांनी बोट केलं होतं ती शेजारच्या केबिनमधली, मोत्यांची माळ घातलेली, लालचुटूक ओठांची होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दबक्या आवाजात सांगितलं, "बाई, या लोकांत बायकांना वय विचारत नाहीत."

"काऊन? मंग पाया कोनं कोनाच्या पडाव, हे समजन कसं?"

त्यांचं सरळ होतं. आमच्या गावाकडे नवं माणूस भेटलं की आधी वय काढायचं. थोरलं निघालं तर वाकायचं, धाकटं निघालं तर नावाने हाक मारायची. त्याशिवाय बोलणं सुरूच कसं होणार? मी कानाडोळा केला, पण त्या ऐकेनात. शेवटी मी मान खाली घालून, हजारदा माफी मागून त्या बाईला विचारलं. ती खळखळून हसली. "चौऱ्याहत्तर," म्हणाली. बाईंनी लगेच पदर सारखा केला आणि तिच्या पायांना हात लावला. ती बिचारी गोंधळली. बाईंना उठवू लागली, "नको, नको," म्हणू लागली.

पुढे हे रोजचंच झालं. मी विचारायची, उत्तर यायचं, एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, आणि बाई वाकायच्या. माझा जळफळाट व्हायचा. वाटायचं, स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली आणि या अजून गोऱ्यांपुढे वाकताहेत! दोनदा तर मी डोकं दुखतंय म्हणून केबिनमध्येच बसून राहिले. बाई एकट्याच डेकवर जाऊन बसल्या.

प्रवास संपत आला तेव्हा प्रवाशांनी एक चहापार्टी ठरवली. जहाजावरच्या सर्वांत वयस्क बाईला खुर्चीवर बसवायचं, सोनेरी कागदाचा मुकुट घालायचा, तिच्या हातून केक कापून घ्यायचा, अशी त्यांची गंमत होती. वय विचारणं असभ्यपणाचं, म्हणून पार्टी ठरवणाऱ्यांनी ते नजरेनेच ठरवलं. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने येऊन अदबीने बाईंना हात दिला आणि खुर्चीवर नेऊन बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकुट डोक्यावर आला तशी बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनून राह्यले हे?"

"तुम्ही सगळ्यांत मोठ्या आहात म्हणून तुमचा मान करताहेत."

"मी?" बाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मग उठल्या. एक्याऐंशी वर्षांची जी बाई होती तिच्यापाशी गेल्या, आपल्या हाताने तो मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिच्या पाया पडल्या. "मी कायची मोठी? मानमोडीच्या साथीत माही माय गेली तवा मी तीन वर्साची होती. सांग त्याइले, नाई तं पाप लागन मले."

मी सांगितलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली होती ना, त्यात यांची आई गेली, तेव्हा या तीन वर्षांच्या होत्या. शब्दन् शब्द, चांगल्या इंग्रजीत सांगितलं. आणि सांगून झाल्यावर मला स्वतःलाच ते ऐकू आलं.

ती साथ तिथल्या सगळ्यांनीच पाहिलेली होती. कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. एकेकाच्या चेहऱ्यावर हिशेब होताना मला दिसला. बेचाळीस, फार तर त्रेचाळीस. मोत्यांच्या माळेवाल्या बाईने हातातला कप खाली ठेवला. तो अधिकारी लालबुंद झाला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि ती त्या हातांकडे बघत राहिली.

त्या प्रवाशांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. माझा नवरा सव्वीस वर्षांचा, बाईंना तो सोळाव्या वर्षी झाला हे मी स्वयंपाकघरात कितीदा ऐकलं होतं. दोन आकड्यांची बेरीज, ती बी. ए. झालेल्या सुनेने दोन वर्षांत केली नव्हती. कॉलऱ्यात सासरे गेले तेव्हा बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यानंतर एकटीने धान लावून पोराला डॉक्टर केलं, आणि मी पदवीधर मुलगी त्यांच्या पांढऱ्या केसांची लाज वाटून केबिनमध्ये लपून बसत होते. बाई त्या गोऱ्यांपुढे वाकत होत्या त्या फक्त वयाने लहान म्हणून, दुसऱ्या कशाने नाही. मला इतकी शरम वाटली की केक कापून हातात आला तरी तो तुकडा तोंडाजवळ नेववेना.

पार्टी लवकरच आटोपली. आम्ही डेकच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे कोणी नव्हतं.

"काऊन गप झाले सारे?" बाईंनी विचारलं. "माहं काई चुकलं का?"

"नाही बाई. तुमचं काहीच चुकलं नाही."

त्या कठड्याला धरून खाली डेकवरच बसल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू? या जहाजावर मले करमत नाई. साऱ्याजनी माह्या मायच्या उमरीच्या. त्याइच्यासंग मी काय बोलू? माह्या उमरीच्या जवळची तूच एक हाये, आन् तू तं माह्यापाशी बसतच नाई."

मी खाली त्यांच्याजवळ बसले. दोन वर्षं एका घरात राहून, हातात काही काम नसताना, आम्ही दोघी अशा शेजारी कधी बसलोच नव्हतो.