बर्फातला समुद्र

राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मी पोरांना समुद्रातली अन्नसाखळी शिकवतो. मासळीबाजारात मासे विकणारे एक म्हातारे मामा मला तीच साखळी सुरमईचं पोट फाडून दाखवायचे. सुरी गोणपाटाला पुसायची आणि तिनं गिळलेली मांदेली अदबीनं माझ्यापुढं धरायची, ही त्यांची रीत.

"मामा, समुद्र बघितलाय?"

"न्हाय. त्योच येतोय की हितं, बर्फातनं."

एका रविवारी मीच त्यांना ऐकवलं, "अंडी घालायच्या आधीच मासे धरतात, म्हणून समुद्र रिकामा होतोय."

मामा गंभीर झाले. माझ्यासाठी दर रविवारी राखून ठेवलेली माशाच्या अंड्यांची गाबोळी त्यांनी उचलली.

"मग सर, आजपासनं ही ठिवत न्हाय."

मी घाईनं पिशवी पुढं केली. "आजची द्या. पोरांना दाखवायची आहे."

"तळून?" मामांनी विचारलं.