टॉवेलाचं दुसरं टोक

बाळासो हवालदाराच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. त्यामुळं त्यांची भांडणं ऐकायला मला कधी उठून जावं लागलं नाही. त्यातलं एक अजून कानात आहे. बाळासो फौजेतून पेन्शनवर आला होता आणि आमच्या कराडात हायवेला नवा मॉल निघाला होता. तिथं त्याला नोकरी लागली. काम काय, तर सरकत्या जिन्यापाशी उभं राहायचं आणि घाबरणाऱ्या बायकांना हाताला धरून वर चढवायचं. हे त्यानं जेवताना बायकोला, तानुबाईला, सांगितलं आणि पलीकडं ताट वाजलं.

“बंदूक धरून आलासा, आन आता परक्या बायकांचं हात धरनार व्हय?”

“आगं, जिना सरकतोय. पडतील बायका.”

“पडूंद्यात! मी हिरीच्या पायरीवनं पडले, तवा कोन आलं हात द्यायला?”

“तवा मी जम्मूला हुतो की.”

“माजा हात कवा धरलासा, सांगा बरं.”

“लग्नात धरला हुता.”

“त्यो भटजीनं धराय लावला हुता!”

मला हसू आलं, पण पलीकडं कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल टाकून कामावर गेला. तोड तानूनंच काढली होती. टॉवेलाचं एक टोक बाळासोच्या मुठीत, दुसरं बाईच्या. हाताला हात लागायचा नाही. संध्याकाळी ती तो टॉवेल असा आपटून धुवायची, की सगळ्या तालुक्यातल्या बायका त्यातनं निघून जाव्यात.

त्या मॉलनं सुरुवातीला काय दिवस बघितले! काचेची दारं, आत गारवा. फरशी इतकी लख्ख, की खेड्यातल्या बायका दारातच चपला काढायच्या. मग दुसऱ्याच दारानं बाहेर पडायच्या आणि अनवाणी चपला हुडकत फिरायच्या. शिराळ्याच्या, पाटणच्या जीपा भरून यायच्या. खरेदी थोडी, जिना जास्त. बाळासो टॉवेल पुढं करायचा, “उजवा पाय आदी, ताई. खाली बघू नगा.” एकदा कोयनानगरची हरणाबाई नावाची म्हातारी पायरीपाशी अडून बसली.

“आमच्यात जमीन हलली की आमी घराभाईर पळतोय, आन तुमी हितं हौसंनं हलाय बोलावताय!”

सगळा मॉल हसला. शेवटी तीही टोक धरून वर गेली आणि मग तिला खाली आणताना तिच्या लेकी दमल्या.

तानू मात्र कधी आली नाही. दर दिवाळीला बाळासो विचारायचा, “येतीस का? एकदा वर जाऊन तरी बघ.”

“तुमच्या टावेलाला लटकून? मी काय म्हस हाय?”

जिना दाखवायचं निमित्त होतं. त्याला तिचा हात धरायचा होता. पण इतकी वर्षं न धरलेला हात आपणहून पुढं कसा करायचा, हे फौजेत शिकवत नसावेत. आणि तानू टॉवेल नको एवढंच म्हणायची. हात द्या, असं तिच्या तोंडून निघायचं नाही.

मग मॉल उतरणीला लागला. वरच्या मजल्यावर सिनेमा येणार म्हणून फळ्या मारल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. करोनात कुलपं लागली, आणि उघडायची वेळ आली तेव्हा अर्ध्या गाळ्यांची उघडलीच नाहीत. माझी नात स्वप्नालीसुद्धा फोनवरच साड्या मागवायला लागली. जिना आधी रोज चालायचा, नंतर नुसता रविवारी. मग थांबला. मालकानं बाळासोला राखणीला ठेवलं. टॉवेल खांद्यावर टाकून तो बंद जिन्यापाशी बसायचा. त्या टॉवेलाला आता कुणाचाच हात लागत नव्हता. तानू तरी धुवायची, फक्त आपटायची नाही.

तिचं काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी चढ-उतार बंद सांगितली. तशात एका संध्याकाळी भिंतीपलीकडून बाळासोचा आवाज आला, “मॉल इकला. जिना भंगारात चाललाय.”

तानू म्हणाली, “मग मला दावा की.”

सोबतीला मी गेले. आत अंधार, पायऱ्यांवर धूळ. बाळासोनं सवयीनं टॉवेलाचं टोक पुढं केलं. तानू त्या टोकाकडं बघत उभी राहिली. तेव्हा त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला.

“उजवा पाय आदी, ताई,” बाळासो म्हणाला.

“ताई कुनाला म्हनतायसा?”

ती अशी हसली, की दम लागून तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच बसली.

“वर काय हाय?” तिनं विचारलं.

“काय न्हाई. फळ्या.”

“मग ऱ्हाऊंद्या.”

हात न सोडता दोघं तिथंच बसली. मी बाहेर जाऊन उगाच काचेत पदर नीट करत राहिले.

तानूनं पुढची दिवाळी पाहिली नाही. तिच्या मागं बाळासो स्वतः टॉवेल धुवायला लागला. धुणं त्याला जमायचं नाही, साबण तसाच राहायचा. पुढं एका रात्री तोही झोपेत गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला मॉलच्या किल्ल्या नव्या मालकाच्या माणसाला द्यायच्या होत्या. दवाखान्यातून येताना मी तिथं थांबले होते. जिना तोडून ट्रकात भरला होता. बाळासोनं दार लावलं, रोजच्यासारखं कुलूप ओढून बघितलं आणि किल्ल्या दिल्या.

हायवेवरून गाड्या सुसाट चालल्या होत्या. त्यानं टॉवेलाचं टोक माझ्यापुढं केलं.

“उजवा पाय आदी, आक्का.”

मी टोक धरलं. त्यानं मला रस्त्याच्या पलीकडं नेलं, घराच्या दारापर्यंत सोडलं. मग टॉवेल धुतला, पिळून दोरीवर टाकला, चारी टोकं ओढून सारखी केली, आणि आत गेला.