गंजी कुणी पेटवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर कथाकार म्हणून माझी जी काही पत आहे ती गेली असती, आणि मला तीच जपायची होती.

आमच्या हळ्ळीखेडात शेजारी शांतक्का राहते, शिवणकाम करते. सासर आळंदकडचं, घरात कन्नड. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती माहेरी आली, दोन वर्षं राहिली. भांडण नाही, तंटा नाही. वडील गेले, आणि दिवाळी झाली की नवरा न्यायला येणार होता.

मी तिच्यावर कथा लिहिली. संपादक म्हणाले, पात्र जिवंत आहे, पण संघर्ष कुठे आहे? खरंच, कुठे होता? मग मी तो आणला. अक्का माहेरी आली त्याच वर्षी तिच्या दिराची कडब्याची गंजी जळली होती — कशी, ते कुणालाच कळलं नव्हतं. अक्काच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. भजी तळताना तेल उडालं होतं, मला ठाऊक होतं. तरी कथेत मी काडी तिच्या हातात दिली. नाव तेवढं बदललं. मशीन, डाग, गंजी सगळं तसंच ठेवलं. सासरी मराठी दिवाळी अंक कोण वाचतंय? तिची धाकटी जाऊ सीमेवरच्या खजुरीची, मराठी शाळेत शिकलेली — हे मी विसरलो होतो. की विसरायचं ठरवलं होतं? तिने ती कथा घरात सगळ्यांना कन्नडमधून सांगितली.

नवरा आला तो अंक घेऊनच. माझ्या ओसरीत उभा राहिला. मागे अक्का, हातात कपड्यांची भरलेली पिशवी.

"हे सगळं ही सांगितली का तुमाला? व्हय का न्हाई, येवढंच बोला."

'न्हाई' म्हटलं की संपलं होतं. पण त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला होता — किती अस्सल लिहिलंय म्हणून. मनानं रचलं म्हणालो तर अस्सल काय उरलं? मी म्हणालो, "लिवणाऱ्याला कुठनं तरी कळतंच की."

तो मान हलवून एकटाच निघून गेला. अक्काने पिशवी खाली ठेवली.

"कामून रं?" एवढंच म्हणाली.

तिचं मशीन अजून भिंतीपलीकडे चालतं. ती कथा माझ्या संग्रहात पहिली आहे. नव्या लेखकांना मी सांगतो, संघर्ष पात्राच्या आतून यावा, बाहेरून लादू नये — आणि ते वहीत उतरवून घेतात.

गंजी अक्काने पेटवली नव्हती. तिचा नवरा अजून तिकडेच आहे. आळंदची बस रोज आमच्या फाट्यावर थांबते. मी कधी चढलो नाही.