मैमूनचं कहा-सुना

मी मैमूनला माफ केलं नाही, आणि आज पहाटे ती गेली.

मी कुसुम. मला आता नीट दिसत नाही. मी बोलतेय आणि नात सई तिच्या फोनवर टाइप करतीय. एक शब्द बदलायचा नाही, असा दम दिलाय तिला.

मैमून माझी सोलापूरची मैत्रीण, समोरच्या दारातली. गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची. तिचे वडील पिंजारी, गाद्या भरून द्यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

चाचा अंगणात कापूस पिंजायचे आणि तो उडून माझ्या आईच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायचा. दर उन्हाळ्यात भांडण ठरलेलं.

मैमूनचा धर्म मला कधी धड कळला नाही. खरं सांगू? विचारायची मात्र हौस लई.

"तुमचा देव कुठं असतो गं?"

"कुठं नसतो?"

"मग नमाजाला तोंड पश्चिमेलाच का?"

"तिकडं मक्का आहे. सगळ्यांनी एकीकडं बघावं की! नाहीतर एकाचं तोंड तुळजापूरला, एकाचं विजापूरला."

रमजानात ती दिवसभर थुंकीसुद्धा गिळायची नाही. तेवढं चालतं म्हणे, पण हिचा कारभारच वेगळा. मी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात बसले की माझ्याकडं बघून हसायची. "तुझा उपास आहे का जेवण?"

पैगंबर लहानपणीच पोरके झाले, हेही तिनंच सांगितलं. आई नाही, बाप नाही. ऐकून मी रडले होते. शाळेतल्या बाईंना वाटलं, माझं पोट दुखतंय.

मग एका वर्षी चाचा हजला निघाले.

आजच्यासारखं विमान नव्हतं. रेल्वेनं मुंबई, तिथनं बोट, पुढं वाळवंट. कितीतरी माणसं तिकडंच मरायची. म्हणून निघायच्या आधी हजला जाणारे दारोदार जाऊन 'कहा-सुना', म्हणजे आजवर बोलण्या-वागण्यात चुकलेलं, माफ करून घ्यायचे. मुसलमान असो, हिंदू असो.

चाचा आमच्याही दारात आले. डोक्याला रुमाल, हात जोडलेले.

"भाभी, कल की गाडी है. कहा-सुना माफ करो जी."

आई चुलीपुढनं उठलीसुद्धा नाही. "माफ कसलं? वर्षाचे पापड खराब केलेत माझे. आधी परत या, मग बघू."

"भाभी, ऐसा नक्को बोलो."

"एकदा सांगितलं ना."

चाचांचा चेहरा पार उतरला. हळूहळू चालत घरी गेले.

मैमून मागच्या दारानं आली, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "अब्बांचा हज अडकणार. अल्लाचं जे चुकलं ते अल्ला माफ करतो. पण शेजाऱ्याचं चुकलं तर ते शेजाऱ्यानंच माफ करायला लागतं. तिथं अल्ला मध्ये पडत नाही."

मी म्हटलं, "मग तुमचा अल्ला मोठा का माझी आई?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तूच विचार तुझ्या आईला."

मी आईला जाऊन विचारलं, "एवढं म्हणायला काय जातंय तुझं?"

आई पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "माफ केलं की हिशेब मिटला, कुसे. सगळं मिटवून गेलेलं माणूस परत कशाला येईल? थोडं अडकलेलं बरं."

आता बोला! ही असली रीत ना आमच्यात, ना त्यांच्यात. आईनं कुठनं काढली, देव जाणे.

पण चाचा आले परत. कितीतरी महिन्यांनी. वाळून काटकी झालेले. स्वतःच्या घरात जायच्या आधी आमच्या दारात उभे. "भाभी, अब तो बोलो."

आई "माफ, माफ, सगळं माफ" म्हणत इतकी रडली की चाचाच घाबरले. दुसऱ्या दिवशी अंगणात कापूस, आणि आईची बोंब चालू.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माफी दिली नाही की माणूस परत येतं.

परवा मैमूनचा फोन आला. मी पुण्यात, ती सोलापुरात अंथरुणाला खिळलेली. आवाज खोल गेलेला.

"कुसुम, कहा-सुना माफ कर गं."

मी म्हटलं, "अजिबात नाही. मी सोलापूरला येते, मग बघू."

ती हसली. "आता कुठनं येतीस म्हातारे!" आणि फोन ठेवला.

आज सकाळी तिच्या मुलाचा, मुनीरचा फोन. "मौसी, दुपारच्या नमाजानंतर जनाजा आहे. अम्मीचं काही चुकलं असेल तर माफ करा. आम्ही सगळ्यांना विचारतोय."

मी लगेच म्हटलं, "माफ केलं रे बाबा. काही नव्हतंच कधी."

आणि मग एकेक आठवायला लागलं. सत्तर-ऐंशी वर्षं मी तिला काय काय बोलले असेन. चिडवलं, तोडलं, धर्मावरून टोमणे मारले. तिनं मला माफ करतेस का म्हणून विचारलं. मी तिला उलट विचारलंच नाही.

"मुनीर, आणि माझं रे? माझं कोण माफ करणार?"

तो म्हणाला, "आम्ही दुआ करू, मौसी."

दुआ कर बाबा. पण ते अल्लाच्या हातात नसतं, असं तुझ्या आईनंच मला शिकवलंय.

बाईमाणूस कब्रस्तानात जात नाही म्हणे, आणि मला तर खुर्चीतनं उठवत नाही. तिच्यावर माती टाकायलाही मी नाही.

काहीच कळंना झालंय.

मैमून, जा गं नीट. माझ्याकडनं तू मोकळी.

माझं तेवढं तुझ्याकडं राहिलं.