पातळ म्हणजे काय?

आमच्या कारखान्यात सोफ्याला कव्हर चढवायच्या आधी पंच त्यावर बसून बघतात. ही पद्धत कोणी सुरू केली ते आठवत नाही, पण ती मोडायची आता कोणाची हिंमत नाही. सांगाडा उभा राहिला, पट्टे ताणले, स्प्रिंगा बांधल्या, वर स्पंज ठेवला, की सुतार हाक मारतो, "पंच, या!" पंच येतात, सोफ्याकडे पाठ करून क्षणभर थांबतात आणि अंग सोडून देतात. कुठे करकर झाली की "नापास". नाही झाली तर डोळे मिटून जरा इकडे, जरा तिकडे सरकतात आणि म्हणतात, "शिवा आता." ते "शिवा" मला असतं, कारण कव्हरं मी शिवते. एखादं गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की मालक सांगतात, "अहो, आमचे पंच बसलेत यावर. तुमचं अख्खं घर बसलं तरी काही व्हायचं नाही."

यावर सगळ्यांत मोठ्याने पंचच हसतात. आपल्या वजनावर दुसऱ्याने विनोद करायच्या आधी आपणच करून मोकळं व्हायचं, ही त्यांची जुनी युक्ती. सकाळी दारातून आत येताना ओरडतात, "सरका, सरका, कपाट येतंय!" सगळे हसतात आणि मग कोणाकडे बोलायला काही उरत नाही. मला त्या कपाटाचा फार राग यायचा. एवढा गुणी माणूस, रोज सकाळी उठून स्वतःला लाकडी सामानात कशाला जमा करतो?

मी कामाला लागले तेव्हा ते पंच नव्हते. तेव्हा ते जमिनीवर उताणे पडून, ओठांत खिळे धरून, सोफ्याच्या पोटात स्प्रिंगा बांधायचे. त्यांनी बांधलेला जुना सोफा अजून कधी दुरुस्तीला येतो. कव्हर फाटलेलं असतं, स्पंजाचा भुगा झालेला असतो, पण स्प्रिंगा जागच्या हललेल्या नसतात. मग वजन वाढत गेलं, गुडघे बोलायला लागले, आणि एक दिवस खाली पडलेल्या पंचांना उठवायला तिघं लागले. त्यानंतर ते स्टुलावर बसून काम करायला लागले, पुढे स्टूलही जमेना, तेव्हा मालकांनी त्यांना पंच केलं. आमच्या मालकांबद्दल मी जेवायची सुट्टी संपेपर्यंत बोलू शकते, पण त्यांनी या माणसाला घरी बसवलं नाही, हे त्यांचं मी कधी विसरणार नाही.

आता खाण्याचं. लोकांना वाटतं पंच खादाड आहेत. तसं अजिबात नाही. पंचांना "नको" म्हणता येत नाही, एवढंच. जेवायच्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "एवढंसंच राहिलंय, टाकायचं का आता?" आणि पंचांचा हात पुढे येतो. पॉलिशवाल्याची बायको तर त्यांच्यासाठी वेगळं भरूनच देते. घरी मुलांच्या ताटातलं उरलेलंही त्यांच्याच वाट्याला. देणाऱ्याचं मन मोडवत नाही, म्हणतात. आम्हालाही ते बरंच वाटायचं. पंचांनी माझा डबा चाटूनपुसून खाल्ला की मी खूश, मग दिवसभर सगळ्यांशी चांगली वागायचे.

वजन कमी करायचे उपाय त्यांनी केले नाहीत असं नाही. एका उन्हाळ्यात ते नुसत्या काकडीवर होते. मग कोणीतरी सांगितलं म्हणून सकाळी गरम पाणी आणि लिंबू. मग संध्याकाळनंतर काही खायचं नाही. मग कमरेला थरथरणारा पट्टा, ज्याने फक्त त्यांचा चष्मा खाली पडला. प्रत्येक वेळी वजन थोडं उतरायचं आणि परत येताना सोबत पाहुणे घेऊन यायचं. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायच्या ऑपरेशनचं नाव काढलं, तेव्हा तर सल्ला देणाऱ्यांना ऊत आला. "ऑपरेशन कशाला? तोंडावर ताबा ठेवा की!" हे सांगणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी बिस्कीट होतं. मी स्वतः पाहिलं, आणि त्याला तसं सांगितलंही. ज्याला काही न करता बारीक राहता येतं, त्याला ती आपली कर्तबगारी वाटते. अशा माणसांशी मी वाद घालत नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण मी घालते.

डॉक्टर मात्र सरळ बोलले. पंचांच्या यकृतावर चरबी होती आणि ते सुजून जठरावर पसरलं होतं. ते बाजूला सरकल्याशिवाय हात घालायला जागाच नव्हती. त्यासाठी ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे आहार पाळायचा, की यकृत आपोआप आक्रसतं. नाही आक्रसलं तर ऑपरेशन होणार नाही. आणि पंचांची साखर, रक्तदाब, धाप, सगळंच असं हाताबाहेर चाललं होतं की फार वाट बघण्यात अर्थ नव्हता.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाई भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पुष्कळ समजावलं, पण घाबरलेल्या माणसाच्या कानात शेवटचं तेवढं राहतं. वहिनी, म्हणजे पंचांची बायको, दुसऱ्या दिवशी कारखान्यात आल्या आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाल्या, "यांना आता फक्त पातळ द्यायचं. दाताला काम नाही. बाकी काही देऊ नका हो."

पातळ! आमच्या कारखान्याला हे कोणी शिकवायला हवं का? सरस घट्ट झाला, घाला गरम पाणी. पॉलिश घट्ट झालं, घाला थिनर. जगातली कुठलीही वस्तू पातळ करता येते यावर आमची श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी जो तो पंचांसाठी काहीतरी पातळ घेऊन हजर. पॉलिशवाल्याच्या बायकोने केक दुधात घालून मिक्सरमधून फिरवला होता. सुताराने आईस्क्रीम वितळवून आणलं. मी बटाटे उकडून, लोणी घालून, गाळणीतून गाळता येतील इतके पातळ केले होते आणि वर मिरपूड टाकली होती. मालकांनी कुठूनतरी आंब्याचा रस मागवला. पंच एकेक ग्लास तोंडाला लावत होते आणि आम्ही पुढच्याला सांगत होतो, "जरा अजून दूध घाल, घट्ट वाटतंय."

"दात लावला नाही हं," पंच मिशी पुसत म्हणायचे. माणूस अगदी प्रामाणिक. एक बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला नाही त्यांनी.

आठवडाभराने तपासणी होती. वजन वाढलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतलं? पंचांनी अभिमानाने सगळं सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईंना आधी हसू आवरेना, आणि मग सोनोग्राफीचा फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, तारीख पुढे ढकलतो, पुन्हा दोन आठवडे देतो. "पण तेव्हाही यकृत असंच असलं तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमचा जीव धोक्यात घालायला मी इथे बसलेलो नाही."

पंच दुपारी कारखान्यात आले ते कपाटाचं न ओरडताच. एका नापास सोफ्यावर जाऊन बसले. बातमी कळल्यावर आमच्या तोंडचं पाणीच पळालं. पॉलिशवाला नुसता डबा धरून उभा राहिला. त्यात त्या दिवशीचं काहीतरी पातळ होतं.

मला असं झालं की रडू यायच्या आधी राग येतो. मी म्हटलं, "पंच, सुतारासमोर त्याचा सोफा नापास करता तुम्ही. तो चार दिवस राबलेला असतो. तेव्हा जीभ अडखळत नाही. मग आमच्या डब्याला 'नको' म्हणायला काय होतं?"

"सोफ्याला वाईट नाही वाटत," ते म्हणाले.

"सुताराला वाटतं की!"

सुतार तिथेच होता. म्हणाला, "वाटतं ना. एक रात्र झोप लागत नाही. मग दुसऱ्या दिवशी बरा बनवतो."

पंचांनी सुताराकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. मग म्हणाले, "मला जगायचंय हो. तुम्ही एवढ्या प्रेमाने देता, आणि मी त्या प्रेमानेच मरायला निघालोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पुन्हा जाऊन सगळं नीट विचारून आल्या. पातळ म्हणजे ज्यात साखर नाही, लोणी नाही, साय नाही. भाज्या उकळून, चोथा फेकून, उरतं ते पाणी. साय काढलेलं दूध, तेही थोडं. जेवायच्या सुट्टीत पंच आपल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आणा. एकेक समोर ठेवा."

आम्ही ग्लास मांडले. पंचांनी पहिला उचलला, उजेडासमोर धरला, चमच्याने ढवळला. "तळाशी पीठ दिसतंय. नापास." दुसरा हुंगला. "लोणी. नापास." पॉलिशवाल्याचा ग्लास मात्र त्यांनी दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला. त्याच्या बायकोने साखर न घालता, पण सगळी साय घालून दूध पाठवलं होतं. पॉलिशवाला टक लावून बघत होता. पंचांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "नापास. घरी सांगा, पंचांनी पाया पडून सांगितलंय, उद्या बरं बनवा." पॉलिशवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. तो हसतोय बघून पंचांनी कितीतरी वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

माझं सूपही नापास झालं, त्यात गर होता. मी अस्तराच्या उरलेल्या मलमलीची पिशवी शिवली, उकळून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातून गाळायला लागले. मग दोन पिशव्या वहिनींना दिल्या, एक पॉलिशवाल्याकडे गेली.

ते दिवस सोपे गेले असं कोणी समजू नये. पहिले काही दिवस पंचांचं डोकं ठणकायचं, हात कापायचे, आणि एरवी कोणाला अरे म्हणणार नाहीत ते मालकांवर खेकसले. मालकांनी ऐकून घेतलं. त्या आठवड्यात सोफे धडाधड नापास झाले. सुतार म्हणाला, यांना लवकर जेवायला घाला, नाहीतर कारखाना बंद पडेल. आम्ही डबे दुसऱ्या खोलीत नेऊन खायला लागलो, तर पंचांनी सगळ्यांना परत बोलावलं. "इथेच बसा. मी खात नाहीये, मेलेलो नाहीये."

एका दुपारी ते माझ्या मशीनपाशी आले आणि कानात सांगावं तसं म्हणाले, "मला भूक लागलीय." मी घाबरले. म्हटलं, सूप आणू का? "नाही, नाही. नुसतं सांगतोय. मला वाटतं, लहानपणानंतर पहिल्यांदाच लागली. भूक लागायच्या आतच कोणीतरी काहीतरी हातात द्यायचं ना." आणि सोफ्यावर सरकतात तसे डोळे मिटून जरा वेळ उभे राहिले. माझ्या हातातलं कव्हर तसंच राहिलं.

दुसऱ्या तपासणीला वहिनींनी मलाही सोबत नेलं. म्हणाल्या, "तिथे काय सांगतात ते या वेळी दोघींनी ऐकू." डॉक्टरांनी सोनोग्राफीचा नवा फोटो जुन्याशेजारी धरला. आम्हाला दोन्हींत काळ्या ढगांपलीकडे काही दिसत नव्हतं. डॉक्टर आहारतज्ज्ञ बाईंकडे बघून हसले. "झालं की! जागा झाली. आजच दाखल व्हा, उद्या सकाळी घेतो." पंचांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अहो, हे हात उद्या लागणार आहेत मला."

वॉर्डात पलंग मिळाला. परिचारिकेने पंचांच्या बोटाला एक चिमटा लावला, त्याची वायर यंत्राला जोडली. म्हणाली, "झोपेत यांचा श्वास अडकतो ना? आता काळजी नको. श्वास जरा अडला की हे ओरडेल आणि मी येईन."

"माझा कुठे अडकतो? मी तर पडल्या पडल्या झोपतो," पंच म्हणाले.

परिचारिका वहिनींकडे वळली. तिने विचारलं, "मग आजवर कोण बघायचं?"

"मी हलवते ना," वहिनी म्हणाल्या. "श्वास थांबला की खांदा हलवायचा. परत चालू होतो." एवढं सांगून त्यांनी यंत्राकडे एकदा नीट बघितलं, दिवा लुकलुकतोय याची खात्री केली, आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, वॉर्डात भेटायला आलेल्यांची ये-जा चालू होती. माझ्याशी बोलता बोलता त्यांची मान कलली आणि त्या झोपल्या. डुलकी नव्हती ती. तोंड उघडं, हात लोंबकळलेला, अशी झोप.

पंच त्यांच्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. कोणीतरी मोठ्याने बोलत आत आलं, तर पंचांनी वायर लावलेलं बोट ओठांवर ठेवलं. मी उठायला लागले तसे मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "कोणी उठवू नका हो तिला. उद्या मला आत नेताना, तेव्हासुद्धा नको."